पत्रकबाईंनी गाळलेले दोन शब्द

शाळेत पत्रकबाईंचं खरं नाव फार तर चौघांना माहीत असेल, आणि त्या चौघांत एक त्या स्वतः. बाकी सगळ्यांच्या लेखी त्या पत्रकबाई. बाई म्हणावं तर वर्गावर जात नाहीत, क्लार्क म्हणावं तर खुर्चीत सापडत नाहीत. दर गुरुवारी त्या हायस्कूलमधून सहाशे चाळीस घरांना जे पत्रक जातं ते त्यांच्या हातचं. चाचणी कधी, खेळाचे बूट कुठले चालतील, ग्रंथालयाचं छत गळतंय म्हणून पुस्तकं कुठल्या खोलीत हलवली, आणि वर्ष संपत आलं की कोणी कुठले विषय घ्यावेत, घेतले तर पुढे काय आणि नाही घेतले तर काय, हे सगळं त्या पत्रकात असतं. लोक त्याला हसतात आणि जपून ठेवतात.

बावीस वर्षांपूर्वी त्या इथे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. ऑफिसातल्या टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्या परत आल्याच नाहीत, आणि ह्यांना आता जा म्हणायची कोणाला आठवण झाली नाही. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या हेडमास्तरांनी एक मजकूर टाईप करायला दिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी त्याची सुरुवात, आणि पूर्णविराम थेट पानाच्या तळाशी. दोन दिवसांनी एक आजोबा तो कागद चार घड्या घालून घेऊन आले. खिडकीशी उभं राहून हळूच म्हणाले, "पोरी, एवढंच सांग, ह्यात माझ्या नातीला ठेवलंय की काढलंय?"

कागदात पाण्याची टाकी शनिवारी धुणार असल्याचं लिहिलं होतं. बाईंनी तो पुन्हा वाचला, तेव्हा दुसऱ्या वाचनाला त्यांनाही कळलं. एका टाकीपायी त्या म्हाताऱ्या माणसानं दोन दिवस जीव मुठीत धरून काढले होते. मजकूर बाईंचा नव्हता, तरी त्याची लाज त्यांना आजही वाटते.

तेव्हापासून त्या दारात उभं राहून सांगावं तसं लिहितात. ह्याचा तोटा असा की पत्रकं लांबतात. शिक्षकांच्या खोलीत म्हणतात, पत्रकबाईंना टाकी धुणार एवढंच सांगायचं असलं तरी पाणी कुठून येतं तिथून सुरुवात करतील. बाई हे ऐकतात आणि म्हणतात, "कुठून येतं ते माहीत नसलं तर बंद का झालं ते कळणार कसं?" ह्यावरचं उत्तर ऐकायला बाई थांबत नाहीत.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक जाडजूड वही आहे. तिच्यात गुण नाहीत, हजेरी नाही. कुठल्या घरी निरोप कसा पोचतो, एवढंच आहे. 'वडील फोन उचलतात, हो हो म्हणतात आणि विसरतात. आजीला सांगावं.' 'बेकरीवाले. दुपारी झोपतात. चारनंतर.' 'आईला वाचता येत नाही पण तसं दाखवायचं नाही. पत्रक आलं का विचारण्याच्या निमित्ताने सगळं तोंडी सांगून टाकावं.' 'मुलगा निरोप घरी देत नाही. हसतो छान.' अशी बावीस वर्षं त्या वहीत आहेत, आणि पहिल्या पानांवरची मुलं आता शेवटच्या पानांवर आईबाप म्हणून यायला लागली आहेत.

पण बाईंची खरी चाळणी घरी आहे. त्यांचे सासरे चाळीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावायच्या कामावर होते. त्यांचं म्हणणं, पत्र पोचणं वेगळं आणि कळणं वेगळं, आणि पगार फक्त पहिल्याचा मिळतो. दर बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सून पत्रक मोठ्याने वाचते आणि सासरे डोळे मिटून ऐकतात. त्यांना शाळेतलं काही म्हणजे काही कळत नाही, आणि तेच त्यांचं भांडवल. कुठे अडलं की डोळे न उघडता म्हणतात, "म्हणजे काय?" मग ते वाक्य बदलायचं. तीन वेळा 'म्हणजे काय' आलं तर अख्खा परिच्छेद काढायचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे बाईंचे यजमान गमतीने म्हणतात, "आमच्याकडे मुलांची परीक्षा वर्षातून दोनदा आणि बायकोची दर बुधवारी."

ह्या बुधवारच्या परीक्षेला न बसता एकदाच एक मजकूर शाळेबाहेर गेला. गेल्या वर्षीची गोष्ट.

नववीची परीक्षा संपून मुलांना सुट्टी लागली होती. ह्याच दिवसांत विषयनिवडीचे अर्ज भरले जातात. दहावीला गणित दोन प्रकारचं आहे. मुलं एकाला मोठं गणित म्हणतात, दुसऱ्याला साधं. साधं गणित घेतलेल्या मुलाला पुढे वाणिज्य, कला, तंत्रकाम, हॉटेलचं शिक्षण, हवं ते घेता येतं, विज्ञान तेवढं घेता येत नाही. ते दार बंद झालं की झालं, शिक्षण मंडळ ते पुन्हा उघडत नाही. हे सगळं बाईंनी पत्रकात दोन पानं भरून लिहिलं होतं, आणि सासऱ्यांनी त्यावर एकदाही 'म्हणजे काय' म्हटलं नव्हतं.

पण माशी शिंकली ती दुसरीकडेच. कुठल्याशा क्लासवाल्याने गावभर उठवून दिलं की साधं गणित घेणाऱ्या मुलाला पुढे कुठेच उभं करणार नाहीत. झालं, लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या मुलाला मोठ्या गणिताच्या नावाने ताप भरतो त्याचेही आईबाप अर्ज बदलायला खिडकीशी रांग लावू लागले. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाई, शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने ऑफिसात आल्या.

"सगळ्यांना मोबाईलवर एक निरोप टाका. घाबरू नका म्हणावं, साधं गणित घेतलं तरी चालतं."

"मी उद्या एक छोटं पत्रक काढते," पत्रकबाई म्हणाल्या.

"तुमचं छोटं मला माहीत आहे. एकच निरोप, एका निरोपात बसेल एवढा."

एका निरोपात मराठीची सत्तर अक्षरं बसतात, तीही काना, मात्रा, वेलांटी धरून. पत्रकबाईंना सत्तर अक्षरांत लिहायला सांगणं म्हणजे हत्तीला पेटीत बसायला सांगण्यासारखं. त्यांनी लिहिलं, 'साधं गणित घेतलं तरी विज्ञान सोडून शाखा खुल्या. बदल सोमवार दुपारी बारापर्यंत.' ते बसेना. शाळेचे शिक्के आणि किल्ल्या ज्यांच्या ताब्यात असतात ते शिक्केकाका दाराशी कुलूप हातात घेऊन उभे होते. 'दुपारी' काढावं तर कोणी मध्यरात्री बारापर्यंत समजेल, आणि बाईंना आठवत होतं, असं समजणारी निदान चार घरं वहीत आहेत. म्हणून त्यांनी 'दुपारी' ठेवलं आणि 'विज्ञान सोडून' काढलं. निरोप बसला. एक ओळ ती काय, ती घरी वाचून दाखवावी, असं त्यांना वाटलंसुद्धा नाही. त्यांनी बटण दाबलं आणि पर्स उचलली.

शनिवारी सकाळी अर्ध्या दिवसात एकोणीस पालकांनी येऊन मोठं गणित खोडून साधं केलं. पत्रकबाई मनातून खूश होत्या. एवढा हातोहात पोचलेला निरोप त्यांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या बाईंचं म्हणणं खरं दिसतंय, थोडक्यात लिहिलं की लोक वाचतात, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

दुपारी घरी जेवायला बसल्या. सासऱ्यांचा मोबाईल शाळेच्या यादीत पहिला आहे, निरोप नीट गेला की नाही ते पाहण्यासाठी बाईंनीच तो घातलेला. सासऱ्यांनी जेवता जेवता चष्मा वर सरकवला आणि निरोप हळूहळू वाचला.

"सूनबाई, म्हणजे काय?"

"काय म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याला विज्ञान घ्यायचंय त्यानंही साधं घेतलं तर चालतं? पत्रकात तर तू नाही म्हणाली होतीस."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. आपण 'ध'चा 'मा' करून बसलो आहोत, आणि तोही सहाशे चाळीस घरांत एकदम, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी ताट सरकवलं. सासरे म्हणाले, "जेवून जा." नवरा म्हणाला, "आधी पाणी पी." त्यांनी ह्यातलं काहीच केलं नाही.

तीनच्या सुमाराला शिक्केकाकांनी ऑफिस उघडलं. त्यांना जेवणावरून उठवून आणलं होतं, पण त्यांनी आधी पंखा लावला आणि खिडकी उघडली. बाईंनी नवा निरोप लिहायला घेतला आणि मोठ्या बाईंना फोन लावून वाचून दाखवला. 'कालच्या निरोपात माझी चूक झाली' अशी त्याची सुरुवात होती.

"असं नका लिहू," मोठ्या बाई म्हणाल्या. "सुधारित सूचना असं लिहा."

"सुधारित सूचना कोणी वाचत नाही. चूक झाली म्हटलं की सगळे वाचतात."

मोठ्या बाई कडक आहेत, पण खोट्या नाहीत. "मग 'माझी' काढा," त्या म्हणाल्या. "शाळेची चूक झाली लिहा. थोडक्यात लिहा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. आणि आता कितीही लांब होऊ दे, दहा निरोप झाले तरी चालतील."

पत्रकबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सहा निरोपांचा मजकूर एका दमात पाठवला. मोठ्या बाईंनी आणखी एक वाट काढून दिली. ज्यांना येणं जमत नाही त्यांचा बदल फोनवर घ्यायचा, पण आई किंवा वडिलांच्या स्वतःच्या तोंडून, आणि वेळ लिहून ठेवायची. सोमवारी दुपारी बारा वाजता अर्जांचा गठ्ठा मंडळात जाणार होता. त्यानंतर त्याला हात लावायची सोय नव्हती.

पण निरोपावर भिस्त ठेवून बसायचं म्हणजे वरातीमागून घोडं. बाईंनी वही उघडली आणि एकोणीस घरं एकेक करून गाठायला घेतली. बेकरीवाल्यांना चारनंतर. विसराळू वडिलांच्या घरी थेट आजीला. जुळ्यांच्या आईला दोन्ही पोरांचं वेगवेगळं, कारण एकाचं सांगितलं की ती दोघांचं करते. प्रत्येक वेळी सुरुवात तीच: "मी शाळेतून बोलतेय. आम्ही तुम्हाला चुकीचं कळवलं." लोक ओरडतील अशी तयारी करूनच त्या बसल्या होत्या. एक गृहस्थ ओरडलेही, आणि मग ओरडता ओरडता अर्ज बदलायला येऊन पोचले. बाकीच्यांनी नीट ऐकून घेतलं. बेकरीवाल्यांनी तर वर विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तेव्हा बाईंना आठवलं, की नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत अठरा घरं झाली. त्यातल्या चौदांनी पुन्हा मोठं गणित केलं. चौघांनी सगळं समजून घेऊन साधंच ठेवलं, मुलांना विज्ञानात रस नव्हता म्हणून. एकोणिसावं घर तेवढं राहिलं.

ते घर लांब पल्ल्याच्या बसगाडीवर ड्रायव्हर असलेल्या एका बाईंचं. घरात मायलेकी दोघीच. मुलगी शांत, उंच, मागच्या बाकावर बसणारी. अर्जातल्या 'पुढे काय व्हायचंय' ह्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'जनावरांची डॉक्टर', आणि कोणी हसेल म्हणून की काय, अक्षर बारीक काढलं होतं. अर्जांवरून त्याची यादी बाईंनीच टाईप केली होती, त्यामुळे त्यांना ते पक्कं आठवत होतं. तिच्या अर्जावर मुळात मोठं गणित होतं. शनिवारी सकाळी ड्यूटीवर जाता जाता, अंगावर गणवेश असतानाच, आई खिडकीशी आली होती. "गणितापायी पोरगी रडून रडून अर्धी झालीय," ती म्हणाली होती. "सगळं खुलं राहतं म्हणताय तर कशाला जीव जाळायचा?" आणि तिने मोठं खोडून साधं केलं होतं. तेव्हा पत्रकबाई तिच्याकडे पाहून हसल्या होत्या. ते हसू आता त्यांना खात होतं.

फोन लागत नव्हता. गाडी रात्री मुक्कामाला जाते त्या गावी रेंज नसते, हे वहीतच लिहिलेलं होतं. रविवारी बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. दोन जिने चढून वर, दाराला कुलूप. खालच्या शिंपीणबाई म्हणाल्या, मुलगी मावशीकडे गेलीय, मावशी कुठे राहते ते काही माहीत नाही, पण लांब आहे. डेपोत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, सोमवारी सकाळी नियंत्रक आल्यावर बोला.

सोमवारी सकाळी गठ्ठा बांधायचा होता. तो एक अर्ज बाईंनी बाजूला काढून समोर ठेवला होता. शिक्केकाका शिक्के मारता मारता त्याच्याकडे बघत होते.

"एवढा काय घोर लावून घेता?" ते म्हणाले. "पोरीला डॉक्टर व्हायचंय, तुम्हाला माहीत आहे. मारा खूण मोठ्या गणितावर. आई आली की सांगू. ती काय नको म्हणणारेय?"

पेन हातात होतं. खरं सांगायचं तर बाईंच्या मनात हा विचार रविवारपासून दहा वेळा येऊन गेला होता, आणि दहाही वेळा तो चांगला वाटला होता.

"चार घरांनी साधंच ठेवलं ना?" त्या म्हणाल्या. "त्यांचंही मला असंच वाटत होतं, की मोठंच करतील. शुक्रवारी मी दोन शब्द परस्पर कापले. आता अख्खा अर्ज परस्पर बदलू?"

"आणि बारा वाजले तर?"

बारा वाजले तर एका मुलीचं दार कायमचं लागणार होतं, आणि ते लावणारा हात त्यांचा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डेपोला फोन लावला.

नियंत्रक भला माणूस निघाला, पण घाईत होता. ती गाडी साडेअकराच्या आसपास घाटाखालच्या थांब्यावर येईल, तिथल्या केबिनमध्ये फोन आहे, तिथल्या माणसाला सांगून ठेवतो, असं म्हणाला. "काय सांगू? थोडक्यात सांगा, मला गाड्या सोडायच्यात."

"थोडक्यात सांगून एकदा घोटाळा झालाय. आता लांबण लागली तरी लिहून घ्या," पत्रकबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं: आधी काय कळवलं होतं, त्यात काय राहिलं, खरं काय आहे, कशाने काय बंद होतं, अर्ज किती वाजता जाणार, आणि फोन कुठल्या नंबरवर करायचा. मग त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. 'विज्ञान सोडून' त्याने पहिल्यांदा गाळलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. नियंत्रक कंटाळून हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्याकडे या, आमच्या गाड्या वेळेवर सुटतील."

साडेअकरा वाजले. मोठ्या बाई दोनदा दाराशी येऊन परत गेल्या. अकरा पस्तीस झाले. शिक्केकाकांनी गठ्ठ्याला दोरी बांधली पण गाठ मारली नाही. पत्रकबाई फोनकडे बघत बसल्या होत्या, आणि समोरच्या अर्जावरचं ते बारीक अक्षर त्यांना दिसत होतं.

अकरा चाळीसला फोन वाजला.

"पत्रकबाई ना? मी बोलतेय, केबिनमधून." ड्रायव्हर आईचा आवाज दमलेला होता. मागे इंजिन सुरू असल्याचं ऐकू येत होतं. "ह्यांनी सगळं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. विज्ञान मिळत नाही म्हणतात."

"नाही मिळत, ताई. मी तुम्हाला शुक्रवारी अर्धवट कळवलं. चूक माझी आहे. आता तुम्ही म्हणाल ते करते. साधं राहू द्यायचं असलं तरी सांगा, पण तुम्हीच सांगा."

"तिनं मोठं भरलं होतं," आई म्हणाली. "रडत का होईना, तिचं तिनं भरलं होतं. खोडलं मी. मला वाटलं, आपण तिच्यावरचं ओझं उतरवतोय. तिनं जे भरलं होतं तेच करा."

"करते. आत्ता, तुमच्या देखतच म्हणा. अकरा बेचाळीस." बाईंनी खूण केली, वेळ लिहिली, सही केली. शिक्केकाकांनी न सांगता शिक्का मारला आणि अर्ज गठ्ठ्यात घालून गाठ आवळली.

"झालं, ताई. मला माफ करा. तुम्हाला गाडी थांबवायला लागली."

"गाडीत पंचेचाळीस माणसं आहेत," आई म्हणाली. "त्यांना म्हटलं, पोरीच्या शाळेचा फोन आहे, तिचं वर्ष अडलंय, सात-आठ मिनिटं द्याल का? एक बोलला नाही, बाई. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, सावकाश बोल." मग म्हणाली, "मी तुम्हाला बोलणार होते. खरंच बोलणार होते, केबिनचा जिना चढताना सगळं जुळवून ठेवलं होतं. पण एकवीस वर्षं गाडी चालवते मी. ऑफिसाची चूक झाली की निस्तरायची आपण, असंच आजवर पाहिलं. चूक आमची आहे म्हणत कोणी घाटापर्यंत शोधत आलेलं मला माहीत नाही. माझ्या पोरीसाठी आलात तुम्ही. तुमचे उपकार आहेत."

पत्रकबाईंना खूप बोलायचं होतं. उपकार कसले, आम्हीच तुम्हाला खड्ड्यात घातलं होतं, असं म्हणायचं होतं. बावीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी फोन उचलून नीट ऐकून घेतलं त्या सगळ्यांचं मनात एकदम दाटून आलं होतं. पण जिला लांबण लावण्यात कोणी हरवू शकत नाही अशा त्या बाईला एक शब्द फुटला नाही. तिकडे हॉर्न वाजला आणि आई म्हणाली, "येते हं, माणसं थांबलीत."

शिक्केकाकांनी गठ्ठा उचलला. "काय म्हणाली?"

"आभार मानले."

"चूक आपली आणि आभार तिचे?"

"हो ना," पत्रकबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाराच्या ठोक्याला गठ्ठा मंडळाकडे निघाला.

त्या गुरुवारच्या पत्रकात सुट्टीत ग्रंथालय कधी उघडं असेल ते होतं, दहावीचं वेळापत्रक होतं, गणिताची गोष्ट पुन्हा एकदा सविस्तर, सव्वा पानभर होती. सगळ्यात शेवटी पत्रकबाईंनी हे लिहिलं होतं:

'सोमवारी सकाळी घाटाखालच्या थांब्यावर एका गाडीतल्या पंचेचाळीस प्रवाशांना आपल्या एका विद्यार्थिनीसाठी थांबावं लागलं. त्यात कोणाला दवाखान्यात पोचायचं असेल, कोणाला कामावर, कोणाची घरी वाट बघत असतील. चूक शाळेची होती आणि वेळ त्यांचा गेला. त्यांनी कुरकुर केली नाही. शाळा त्यांची मनापासून आभारी आहे. ते कोण होते हे आम्हाला माहीत नाही आणि हे पत्रक त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, हेही माहीत आहे. पण ज्या घरांपर्यंत ते पोचतं, त्यांना हे कळावं म्हणून लिहिलं.'

मोठ्या बाईंनी ते वाचलं, पेन उघडलं, आणि एकही शब्द न कापता खाली सही केली.